डिस्नेलँडमध्ये आता वॉल्ट डिस्ने कितपत उरलाय?

मुक्ता_स

मंडळी, बरेच दिवस एक किडा डोक्यात वळवळतोय म्हणून धागा काढतेय. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्ने पार्कमधली रिव्हर्स ऑफ अमेरिका जुलै २०२५ मध्ये कायमची बंद केली. नदी, टॉम सॉयर बेट, ती मोठी रिव्हरबोट, सगळंच गेलं आणि त्या जागी कार्स सिनेमावरचा भाग येतोय. त्यावरून फॅन लोकांची जी जुंपली ती अजून शांत नाही. मला गंमत अशी वाटते की दोन्ही बाजू शपथ एकाच माणसाची घेतात. कंपनी म्हणते वॉल्टनेच सांगून ठेवलंय की डिस्नेलँड कधी पूर्ण होणार नाही, जगात कल्पनाशक्ती आहे तोवर ते वाढतच राहणार. आणि जुने फॅन म्हणतात वॉल्ट असता तर त्याने नदीला हात लावू दिला नसता. तो माणूस १९६६ सालीच गेला, म्हणजे मॅजिक किंगडम उघडायच्या पाच वर्षं आधी, त्यामुळे त्याने काय केलं असतं हे कुणीही काहीही ठोकून देऊ शकतं.

तर प्रश्न असा की त्याचं मूळ व्हिजन म्हणतात ते नेमकं होतं काय, आणि कंपनी ते पाळतेय का? तिकिटं महाग झाली एवढंच उत्तर नकोय, ते सगळ्यांना माहितीये. जाणकारांनी जरा खोलात जाऊन लिहा प्लीज.

उंटावरचा_शहाणा

काडी टाकलीत, आता बघा 😀

माझं सरळ मत, 'मूळ व्हिजन' वगैरे सोवळं नेसवून ठेवलेलं काही नव्हतंच. वॉल्टइतकी तोडफोड त्या पार्कात नंतर कुणी केली नसेल. पार्क उघडलं १७ जुलै १९५५ ला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठ्या हौसेने सर्कस आणली, लोकांनी पाठ फिरवली, काही आठवड्यांत तंबू गुंडाळला. पार्कात शिरल्यावरच्या मेन स्ट्रीटवर चक्क बायकांच्या अंतर्वस्त्रांचं दुकान होतं, एका कंपनीला भाड्याने दिलेलं, ते काही महिन्यांत बंद. फँटम बोट्स म्हणून होड्या होत्या, सारख्या बिघडायच्या, वर्षभरात काढल्या. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न डोंगराचा रोलरकोस्टर, पाणबुडी आणि मोनोरेल एका दमात उघडल्या, आणि १९६७ चा जो नवा टुमॉरोलँड (पार्कातला भविष्यावरचा भाग) झाला, म्हणजे जुना जवळपास उखडून, त्याचे प्लॅन तो जिवंत असतानाच झालेले.

आणि 'हल्ली सगळं सिनेमावरच बेतलेलं असतं' ही रड तर मला कळतच नाही. डिस्नेलँडचा किल्ला स्लीपिंग ब्यूटीचा ना? किल्ला उघडला १९५५ ला, सिनेमा आला १९५९ ला. म्हणजे चार वर्षं आधीपासून दगडविटांची जाहिरात उभी होती! मॅटरहॉर्नची आयडियासुद्धा स्वित्झर्लंडला शूटिंग झालेल्या त्यांच्याच एका सिनेमावरून आलेली. झाडावरचं घर १९६२ चं, तेही १९६० मध्ये आलेल्या सिनेमावरून. पार्कसाठी पैसे कुठून आले तेही बघा, एबीसी या टीव्ही कंपनीने पाच लाख डॉलर घातले, वर ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली, बदल्यात पार्कचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेतला आणि वॉल्टने त्यांना डिस्नेलँड नावाचाच टीव्ही शो करून दिला. पार्क बांधून होतंय तोवर घराघरात त्याची जाहिरात आठवड्याच्या आठवड्याला चालू. आजच्या मार्केटिंगवाल्यांनी हे शिकलं कुठून?

तो धंदेवाईक होता, आणि उत्तम होता. त्याला संत करू नका एवढंच.

टिनपाट

शहाणेसाहेब सगळं मान्य पण आकडे बघा ना. मुक्ताताई नको म्हणाल्यात तरी लिहितो 😛

ऑक्टोबर १९५५ मध्ये त्यांनी तिकिटांचं पुस्तक काढलं, प्रवेश आणि आठ राइड मिळून मोठ्या माणसाला अडीच डॉलर. महागाई धरली तर आजचे साधारण ३० डॉलर. आज त्याच डिस्नेलँडचं गर्दीच्या दिवसाचं एका दिवसाचं एका पार्कचं तिकीट २०० डॉलरच्या वर गेलंय. स्वस्तातल्या स्वस्त दिवशीसुद्धा शंभरी पार. वर रांग टाळायची तर वेगळे पैसे. १९९९ पासून फास्टपास फुकट होता, २०२१ मध्ये त्याची लाइटनिंग लेन झाली आणि विकत मिळायला लागली, आणि २०२४ मध्ये सगळ्यात वरचा जो प्रीमियर पास काढला तो सुरुवातीलाच डिस्नेलँडला माणशी दिवसाला ४०० डॉलर, प्रवेश वेगळा! चार जणांच्या कुटुंबाने काय दागिने गहाण ठेवायचे का

यात व्हिजन कुठे शोधायचं ते सांगा.

उंटावरचा_शहाणा

टिनपाटराव, ते तिकिटांचं पुस्तक म्हणजे काय होतं तेही सांगा की पूर्ण. ए, बी, सी अशी कुपनं, पुढे डी आणि ई आली. फालतू घोडागाडीला ए आणि मॅटरहॉर्नला ई. ई संपलं की वेगळं विकत घ्या. चांगल्या गोष्टीला जास्त पैसे हा नियम वॉल्टच्या काळातलाच आहे, एकदा पैसे भरा आणि दिवसभर काहीही बसा ही पद्धत तर १९८२ मध्ये आली. उलट त्यानंतरचा काळच आत शिरल्यावरचा सगळ्यात फुकटा म्हणायला हवा.

टिनपाट

अहो पण ई कुपन हातात असलेला डॉक्टर आणि ई कुपन हातात असलेला ट्रक ड्रायव्हर एकाच रांगेत उभे राहायचे!! पैसे राइडचे होते, दुसऱ्याच्या पुढे घुसायचे नव्हते. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर नमस्कार.

आजीबाई

टिनपाट यांच्या शेवटच्या मुद्द्याला +१००. मला वाटतं धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा तोच आहे, पण मी जरा मागे जाते.

१९५३ मध्ये, पार्क अजून कागदावर होतं तेव्हा, शिकागोत करमणूक पार्कवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं. वॉल्टच्या माणसांनी तिथल्या मुरलेल्या मालकांना हॉटेलच्या खोलीत बोलावून आराखडा दाखवला आणि विचारलं, सांगा कसं वाटतं. त्यांनी पार चिंधड्या उडवल्या. एकच दरवाजा ठेवलाय, गर्दी तुंबेल. नेहमीचे मोठे पाळणे नाहीत. आणि मुख्य म्हणजे जागाच जागा वाया घालवलीय, किल्ला आहे, नदी आहे, गावाचा चौक आहे, बागा आहेत, यातून दमडी येणार नाही आणि निगा राखायचा खर्च मात्र रोजचा. धंद्याच्या हिशोबाने ते चूक नव्हते हो, त्यांचे पार्क त्याच हिशोबावर चालत होते.

वॉल्टने ते सगळं ठेवलं. माझ्या मते व्हिजन शोधायचं असेल तर इथे शोधा, कुठली राइड पाडली आणि कुठली ठेवली यात नाही. ज्याचं तिकीट फाडता येत नाही अशा गोष्टींवर त्याने पैसे ओतले. पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली, कशासाठी, तर आत आलेल्या माणसाला बाहेरचे रस्ते आणि विजेचे खांब दिसू नयेत. मेन स्ट्रीटच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर किल्ला दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात, मधल्या गोल चौकात पोचलं की चारी दिशांना वाटा फुटतात, कुणाला विचारावं लागत नाही. ग्रिफिथ पार्कची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली असेल, मुली मेरी-गो-राउंडवर आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खातोय. मोठ्यांनी आणि पोरांनी मिळून काहीतरी करावं अशी जागा का नाही, इथून सुरुवात. टॉम सॉयर बेट हे त्याचं अगदी नमुनेदार उदाहरण होतं. अनाहाइमचं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मूळ डिस्नेलँडमधलं, बेट १९५६ ला उघडलं, वॉल्टने त्यात स्वतः बराच जीव घातला. तराफ्यातून पलीकडे जायचं आणि मग काहीच नाही, म्हणजे गुहा आहेत, झुलता पूल आहे, पोरं धावतात, आजी-आजोबा सावलीत बसतात. उंचीची अट नाही, पट्टा बांधायचा नाही, तीन मिनिटांत उतरा म्हणणारं कुणी नाही.

म्हणून मॅजिक किंगडममधली नदी गेली याचं मला वाईट वाटतं. तिथे कार्स आलं याबद्दल माझी तक्रार नाही, उलट कार्स लँड कॅलिफोर्नियात २०१२ ला झालं ते फार देखणं झालंय असं माझं मत आहे. पण नदीच्या जागी नदीसारखं, म्हणजे काही न विकणारं, किती येणार? मोकळी हवा आणि पाणी हे त्या पार्कच्या मांडणीत श्वास घ्यायला ठेवलेलं होतं.

जंगल क्रूझचा किस्सा फेमस आहे. वॉल्ट एकदा बोटीत बसला आणि उतरल्यावर तिथल्या सुपरवायझरला धरलं, फेरी किती मिनिटांची आहे? सात. मला तर साडेचारमध्ये आणून सोडलं, सिनेमाचं मधलं रीळच गायब केलं तर चालेल का? त्यानंतर म्हणे सगळ्या बोटवाल्यांना स्टॉपवॉच घेऊन पुन्हा तयार केलं. आता हेच बघा, बोट लवकर आणली तर तासाला जास्त माणसं बसतात, रांग कमी होते, कंपनीचा फायदाच. त्याला ते नको होतं.

रिकामटेकडा

आजीबाई भारी लिहिलंय. पण सगळे अनाहाइमवर अडकलेत. वॉल्टचं शेवटचं व्हिजन पार्क नव्हतंच राव, शहर होतं! आणि ते कंपनीने त्याच्या मागे लगेचच बासनात बांधलं, तिथे आजच्या साहेबांना शिव्या देऊन उपयोग नाही.

फ्लोरिडात त्यांनी २७ हजार एकरांच्या वर जमीन घेतली, बोगस नावांच्या कंपन्या काढून गुपचूप, नाव कळलं असतं तर भाव चढले असते म्हणून. अनाहाइमला १६० एकरांत हात बांधले गेलेले, दाराबाहेर मोटेल आणि साइनबोर्डांची झुंबड उडालेली, ती सल त्याच्या मनात होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये, जायच्या दोन महिने आधी, त्याने एक फिल्म शूट केली, त्यात नकाशासमोर उभा राहून समजावतो की इथे एपकॉट होणार, वीस हजार लोक राहतील असं प्रयोगाचं शहर. मधोमध ५० एकरांचं छताखालचं डाउनटाउन, मोटारी आणि ट्रक जमिनीखालून, माणसं वरून चालत, लांब जायला मोनोरेल आणि जवळ जायला पीपलमूव्हर, म्हणजे सतत सरकत राहणारे छोटे डबे. थीम पार्क हा त्या नकाशावर वरच्या टोकाला एक तुकडा होता फक्त.

तो गेला. भाऊ रॉय निवृत्त होणार होता, तो थांबला, हट्टाने नाव 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' करून घेतलं, १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. शहराचं ओझं घ्यायला कुणी तयार नव्हतं. १९८२ मध्ये एपकॉट नावाने जे उघडलं ते एक मोठं प्रदर्शन होतं, सुंदर होतं, पण तिथे राहणारा माणूस एकही नाही. आता त्यातही बघा, १९८३ चं होरायझन्स हे भविष्यावरचं पॅव्हेलियन १९९९ ला बंद, नॉर्वे पॅव्हेलियनमधली बोट २०१६ पासून फ्रोझनची, ऊर्जेच्या पॅव्हेलियनमध्ये २०२२ पासून गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीचा कोस्टर.

आता माझा उलटा मुद्दा. ते शहर झालं नाही हे बरंच झालं असं मला वाटतं. त्याच्या योजनेत तिथे कुणाची स्वतःची जमीन नसणार होती, सगळे भाडेकरू, निवृत्त लोकांना जागा नाही, आणि जमीन नाही म्हणजे कारभारात मतही नाही. कंपनी घरमालक, कंपनीच नगरपालिका. १९६७ ला त्यांनी फ्लोरिडा सरकारकडून रीडी क्रीक नावाचा स्वतःचा जिल्हा करून घेतला, रस्ते, गटारं, बांधकामाचे नियम सगळं स्वतःकडे. शहर झालंच नाही पण जिल्हा मात्र पुढे ५०-५५ वर्षं मजेत वापरला, २०२३ मध्ये राज्याने त्याचं मंडळ ताब्यात घेतलं तेव्हा कुठे. म्हणजे व्हिजनमधलं सोयीचं तेवढं ठेवलं.

अवांतर: मॅजिक किंगडमला गेलात तर पीपलमूव्हरमध्ये बसा. सावकाश जातो, खाली चुंबकी मोटर आहेत त्यामुळे आवाज नाही, वारा लागतो, रांग बहुतेक वेळा कमी. मध्ये एका ठिकाणी काचेआड अंधारात छोटे दिवे लागलेलं एक शहर दिसतं, बिल्डिंगी, रस्ते, मधोमध उंच हॉटेल. वॉल्टच्या त्या शहराचं जे मोठं मॉडेल डिस्नेलँडमध्ये मांडलं होतं त्याचा हा उरलेला तुकडा. डब्यातली निम्मी माणसं तोवर फोनमध्ये असतात. आणि अनाहाइमला तर अजून वाईट, तिथला पीपलमूव्हर १९९५ ला बंद केला, त्या रुळावर नंतर रॉकेट रॉड्स नावाच्या वेगवान गाड्या चालवून पाहिल्या त्या २००० मध्येच बंद पडल्या, आणि तो रिकामा रूळ टुमॉरोलँडच्या डोक्यावर नुसता लोंबकळतोय. उद्याचं जग म्हणे.

उंटावरचा_शहाणा

रिकामटेकडा, टाळ्या. आजीबाईंचा मुद्दाही पटला, शिकागोवाल्या मालकांचा. पण त्यालाच जोडून एक विचार करा, की असं का होतं.

वॉल्टने पार्क काढलं तेव्हा स्टुडिओ पार्कवर अवलंबून नव्हता. उलट त्याने स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं, पाम स्प्रिंग्जचं घर विकलं, रॉय आधी तयारच नव्हता. फसलं असतं तर तो बुडाला असता पण सिनेमे चालू राहिले असते. आज गणित नेमकं उलटं आहे. पार्क, क्रूझ वगैरे मिळून जो विभाग आहे तोच कंपनीच्या ऑपरेटिंग नफ्यातला अर्ध्याहून मोठा वाटा आणतो. २०२३ मध्ये त्यांनी दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर या विभागात घालू असं जाहीर केलं. घरातली दुभती गाय तीच, मग तिच्यावर प्रयोग कोण करणार? नवीन काही बांधायचं तर आधीच हिट असलेल्या सिनेमावर, म्हणजे धोका नाही. पायरेट्स आणि हाँटेड मॅन्शन या जुन्या राइड आज कुणी मीटिंगमध्ये मांडल्या तर विचारतील, याचा सिनेमा कुठला? पायरेट्स १९६७ चं आणि सिनेमा २००३ चा, राइडवरून सिनेमा निघाला. मग २००६ मध्ये राइडमध्ये जॅक स्पॅरो आणून बसवला 😀

सिनेमावरून राइड करणं वॉल्टही करायचा, हे मी वर लिहिलंय आणि त्यावर ठाम आहे. पण तो फक्त तेवढंच करायचा नाही. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या वर्ल्ड फेअरसाठी त्याने केलेल्या चारही गोष्टी, लिंकनचा पुतळा उभा राहून भाषण करतो ती, स्मॉल वर्ल्ड, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आणि फोर्डसाठी केलेली मोटारींची, एकीतही सिनेमा नव्हता. पैसे पेप्सी, जनरल इलेक्ट्रिक, फोर्ड आणि इलिनॉय राज्याचे, शिकला मात्र तो, आणि फेअर संपल्यावर बरंचसं सामान उचलून डिस्नेलँडला आणलं. दुसऱ्याच्या खर्चाने प्रयोग!

मुक्ता_स

बापरे, धागा काढल्याचं सार्थक झालं. आजीबाई, शिकागोचं मला अजिबात माहीत नव्हतं.

दोन उपप्रश्न. एक, दारूबद्दल वाचलं होतं की वॉल्टला पार्कात नकोच होती आणि आता मिळते, हे खरं का? आणि दोन, टोकियोबद्दल सगळे इतकं चांगलं का बोलतात? तिथे तर वॉल्ट कधी नव्हताच.

आजीबाई

दारू: हो, डिस्नेलँडमध्ये सर्वसामान्य लोकांना विकत मिळायची नाही. क्लब ३३ या मेंबरांच्या जागेत १९६७ पासून मिळायची, पण तो दाराआडचा मामला. २०१९ मध्ये स्टार वॉर्सचा भाग उघडला आणि तिथल्या कॅन्टिनात सगळ्यांसाठी सुरू झाली. मला स्वतःला याचं फारसं काही वाटत नाही. त्याला पार्कात जत्रेतला धांगडधिंगा आणि गलिच्छपणा नको होता, त्यासाठीचा तो नियम, आणि कॅन्टिनात एखादा ग्लास घेतल्याने मेन स्ट्रीटवर कचरा दिसायला लागलाय असं झालेलं नाही.

टोकियोचं कारण मालकी. टोकियो डिस्नेलँड १९८३ चं, पण ते डिस्नेचं नाहीच, ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीचं आहे, डिस्नेला रॉयल्टी जाते आणि डिझाइन डिस्नेचेच लोक करतात. २००१ मध्ये त्यांनी डिस्नेसी काढलं. मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पोटात बंदर, आणि आत शिरल्या शिरल्या समोर किल्ला नाही तर पाणी, नुसतं पाणी, पलीकडे इटालियन गाव. शिकागोच्या त्या मालकांना दाखवलं असतं तर तिथेच चक्कर आली असती. आणि गंमत बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत खुद्द डिस्नेने अनाहाइमच्या जुन्या पार्किंगवर कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर उघडलं ते इतकं काटकसरीत, की पुढे एक अब्जाहून जास्त डॉलर घालून २०१२ पर्यंत दुरुस्त करत बसावं लागलं. डिझाइन करणारं घराणं एकच, फरक खर्चाला हो म्हणणाऱ्याचा.

टिनपाट

जाता जाता एक राहिलं. १७ जुलै २०२५ ला डिस्नेलँडच्या सत्तरीनिमित्त मेन स्ट्रीटच्या ऑपेरा हाऊसमध्ये खुद्द वॉल्टचा यांत्रिक पुतळा बसवलाय, बोलतो, हातवारे करतो. घरच्यांपैकी एका नातीने जाहीर विरोध केला होता की आजोबांना असं यंत्र झालेलं आवडलं नसतं. बाकी घरच्यांपैकी काहींनी कंपनीला साथ दिली. म्हणजे तिथेही तेच, वॉल्टला काय वाटलं असतं यावर घरातच दोन मतं.

रिकामटेकडा

पण लिंकनचा पुतळा त्यानेच केला होता ना टिनपाट? लिंकनच्या नातवंडांना कुणी विचारलं होतं 😜

टिनपाट

😂 तो शो तरी तिकिटातच आहे, लाइटनिंग लेन लागत नाही. अजून तरी.